चालता सॅटेलाइट निकालात का काढायचा?

यंत्रमागवाला: सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा माग वडिलांच्या काळचा. धोटा बदलला, बेअरिंग बदलले, चादर अजून निघतीय. आणि टीव्हीची फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ सॅटेलाइट नोव्हेंबर २०१५ ला सोडला, आयुष्य धरलं १२ वर्षं. म्हणजे २०२७ ला म्हातारा! माझं म्हणणं सरळ आहे, बंद पडेपर्यंत चालवा.

गच्चीवरचा डिशवाला: मालक, ते आयुष्य इंधनाच्या टाकीवरून धरतात. ३६ हजार किलोमीटरवर चंद्र-सूर्य त्याला ओढत असतात, जागेवर राहायला सारखं थोडं थोडं इंधन जाळावं लागतं. मागाला तुम्ही तेल घालता, वर कोण जाणार डबा घेऊन? आपला इन्सॅट-१ए सॅटेलाइट एप्रिल १९८२ ला वर गेला, सप्टेंबरात इंधन संपलं. खेळ खलास.

यंत्रमागवाला: मग तो उत्तर-दक्षिण डोलू नये म्हणून जे सावरणं चालतं ते बंद करा. बहुतेक इंधन त्यातच जातं. जुने सॅटेलाइट असे वर्षानुवर्षं चालवतात, मी वाचलंय.

गच्चीवरचा डिशवाला: चालवतात, पण ज्यांची अँटेना त्याच्यामागं फिरते त्यांच्यासाठी. तो रोज आकाशात इंग्रजी आठ काढतो, आणि तो आठ दरवर्षी जवळपास पाऊण-एक अंशानं वाढतो. परवा विडी घरकुलला एका मावशींकडे गेलो. डिशच्या दांड्याला साडी वाळत घातलेली, ओली. तेवढ्या वजनानं डिश बोटभर खाली आली होती आणि चित्राचे चौकोन झाले होते. नट ढिला करून परत आग्नेयेला लावली. आता त्यांच्या गच्चीवर मोटर कोण बसवणार, तुम्ही?

भूगोलाच्या बाई: “बंद पडेपर्यंत” हेच मला पटत नाही. शेवटचं इंधन स्वतःला तीनेकशे किलोमीटर वर ढकलून वाट मोकळी करायला राखायचं असतं. नाही केलं तर? विषुववृत्त नीट गोल नाही, त्यामुळं मोकाट सुटलेले काही सॅटेलाइट ७५ अंश पूर्व रेखांशाच्या दोन्ही बाजूंना गड्डा जत्रेतल्या पाळण्यासारखे झुलत राहतात. आपलं सोलापूर ७५.९ वर! म्हणजे भंगार आपल्याच रेखांशाला. (डोक्यावर नाही हो, विषुववृत्तावर.)

नवी पेठेतला एक जण: अमेरिकेच्या एमईव्ही-१ नं, म्हणजे जुन्या सॅटेलाइटला चिकटून त्याला सावरणाऱ्या यानानं, २०२० मध्ये इंटेलसॅट-९०१ या सॅटेलाइटला वर जाऊन धरलं आणि परत कामाला लावलं. तो २००१ चा होता. डबा घेऊन जाणारे आहेत की!

गच्चीवरचा डिशवाला: डबा नाही, त्यानं नुसतं पाठीवर घेतलं. आतला माल २००१ चाच.

यंत्रमागवाला: बाई, वर ढकलायचं मान्य. पण टाकीत नक्की किती उरलंय हे तरी कळतं का? तिथं वजनच नाही, मग हिशेब अंदाजानंच. अंदाज चुकून वर्षभर आधी रिटायर केला तर ते वर्ष कुणाच्या खात्यात?

गच्चीवरचा डिशवाला: ते मला माहीत नाही. उलट चुकला आणि मॅचच्या रात्री पडदा काळा झाला, तर फोन मलाच येणार.