४५ एचपी ट्रॅक्टरला डिस्क मोवर (फिरत्या ताटल्यांचं वैरण कापायचं यंत्र) घ्यायचाय, घास आणि मारवेल गवत कापायला. कुठला बघू?

विट्याचा_बाळू
राम राम मंडळी. गाव विट्याजवळ. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासनं आम्ही वैरणीवरच जोर दिलाय, सात एकर लसूणघास आहे (राहुरी विद्यापीठाचा आरएल ८८ वाण) आणि वर माळाला चार एकर मारवेल. घरच्या म्हशींना लागतो तेवढा हिरवा कापायचा, बाकीचा वाळवून गाठी करून शेळीपालनवाल्यांना द्यायचा असं चाललंय. गाठीला बेलर भाड्यानं येतो, तोच जो सीझनला ऊसपट्ट्यात पाचट गोळा करत फिरतो. अडलंय ते कापणीपाशी. बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर दुपारपर्यंत एक तुकडा होतो आणि तोवर वाळायचं ऊन निघून जातं. ब्रशकटरनं पाठ जाते आणि घास असा इस्कटतो की रेक (वैरण ओळीत गोळा करायचं अवजार) फिरवायला नको वाटतं.
ट्रॅक्टर ४५ एचपी, टू व्हील ड्राइव्ह. एक डीलर २.१ मीटरचा पाच डिस्कचा मोवर गळ्यात मारायला बसलाय, म्हणतो मोठाच घ्या परत परत घेणं होत नाही. दुसरा म्हणतो १.६५ चा ड्रमवाला घ्या आणि निवांत झोपा. पुढं कंडिशनरवाला पण असतो म्हणे. कुणी वापरलाय का, खरं काय ते सांगा राव, ब्रोशर वाचून डोकं उठलंय.

कृष्णाकाठचा_गडी
बाळू भावा ड्रमच घे, डोळं झाकून. आमच्याकडं वाळव्याला पावण्याचा हाय, दोन ड्रम, पोलंडची बनावट, व्ही-बेल्टवर चालतोय. दगड लागला तर बेल्ट घसरतोय, गिअर वाचतोय. खालची ताटली जमिनीवर आपली आपण फिरत असती म्हणून खाली ढेकूळ आलं तरी अंगावर घेत न्हाय. आणि दोन ड्रमच्या मधनं माल येतो तो सरळ ओळीत पडतोय, हिरवा उचलून नेणाऱ्याला तर लईच सोयीचं. फक्त वजनाला जड हाय, मागं लावला की पुढची चाकं हलकी वाटायला लागत्यात, पुढं वजनं टाक.

जुना_मेकॅनिक_कराड
बाळासाहेब, आधी आपण हे दोन्ही कापतात कसं ते बघू, मग कुठला घ्यायचा ते तुमचं तुम्हालाच कळंल.
डिस्क मोवरमध्ये खाली एक चपटा कटर बार असतो, त्याच्यावर ताटल्या, आणि प्रत्येक ताटलीला दोन पाती बोल्टवर सुटी लोंबकळणारी. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा फिरणारा दांडा, अवजाराला ताकद देणारा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालवला की ताटली मिनिटाला साधारण तीन हजार फेरे मारते, म्हणजे पात्याचं टोक ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास पळतं. ह्या वेगावर घास उभा असो, पडलेला असो, ओला असो, कापतोच. अडकत नाही हा डिस्कचा मोठा गुण. ड्रममध्ये पातीच आहेत, पण ताकद वरून ड्रममधनं येते, खाली गिअर नाहीत. डिस्कमध्ये सगळे गिअर त्या चपट्या बारमध्ये, जमिनीपासनं बोटभर वर. दुखणं आलं तर तिथंच येतं.
म्हणून डीलरला विचारा बार कसला आहे. काहींचा बार एकच पेटी, सगळे गिअर एकाच तेलात, एक दात तुटला की तुकडा सगळ्या बारमध्ये फिरतो आणि बिल बघून माणूस खाली बसतो. काहींचा तुकड्या-तुकड्याचा, एक डिस्क गेली तर तेवढाच मॉड्यूल बदला. दुसरं म्हणजे डिस्कच्या खाली मुद्दाम कच्चा ठेवलेला तुकडा आहे का, शिअर हब म्हणतात, दगडाचा मार बसला की तो तुटतो आणि आतला गिअर वाचतो. हे नसंल तर तुमच्या माळाच्या रानात मी तरी नेणार नाही. तिसरं, बार कशाला धडकला तर पूर्ण मागं सरकतो का, ती स्प्रिंगची सोय दाखवायला लावा, नुसतं आहे म्हणाला तर ऐकू नका.
आणि मशीन बंद असताना, चावी काढून, एक डिस्क हातानं फिरवा. शेजारच्या डिस्कची पाती एकमेकांच्या मधनं काटकोनात जायला पाहिजेत, दातात खडखड नको. नव्या मशीनमध्ये सुद्धा बघाच, शोरूममध्ये कोण बघत नाही.
रुंदीचं म्हणाल तर २.१ मीटर तुमच्या ट्रॅक्टरला ओढंल, पण चढावर दाट घास आला की इंजिन आवाज बदलंल. ४५ चं इंजिन म्हणजे पीटीओवर ३८-४० हातात पडतात. १.६५ आरामात चालतो. ताशी ८ किलोमीटरनं १.६५ मीटर धरला तर कागदावर सव्वातीन एकर होतात, वळणं आणि कोपरे सोडून अडीचेक. आपल्याकडच्या तुकड्यात त्यातलंही कमीच. सात एकराला पुष्कळ झालं.

विट्याचा_बाळू
काका लई भारी सांगितलंत, हे कुणी बोलतच नव्हतं. पण एक विसरलो सांगायचं, आमचा घास वाफ्यात आहे. पाटपाणी देतो, दर दहा-बारा फुटाला वरंबा. त्याच्यावरनं हा बार कसा जाणार? डीलर म्हणाला काय होत नाय, बारखाली घसरत जाणारे स्किड आहेत.

माणदेशी_वैरण
काय होत नाय म्हणणारा डीलर रानात येऊन बघ म्हणावं 😀
बाळू दादा, खरा प्रश्न मोवरचा नाही, वरंब्याचा आहे. ट्रॅक्टर वाफ्यात आणि बार शेजारच्या वरंब्यावर गेला की पाती मातीच खातात, एकदा माती खाल्ली की धार गेली, धार गेली की घास कापला न जाता फाटतो आणि फाटलेल्या बुडख्याला पुढचा फुटवा उशिरा येतो. आणि ती माती गाठीत जाते, शेळीवाला गाठ फोडली की पहिली मातीच झटकतो, मग भाव पाडून मागतो. आमच्या म्हसवडकडच्या एकानं मशीन आणलं आणि वाफे तसेच ठेवले, पाती बदलून बदलून वैतागला, शेवटी विकायला काढलं.
आम्ही आता नवी लागण साऱ्यात करतो. रान आधी लेव्हल करून घ्यायचं, लांब सारे पाडायचे, रुंदी मोवरच्या दोन फेऱ्यांची, मधला वरंबा बसका आणि रुंद, ट्रॅक्टरचं चाक त्याच्यावरनंच जाईल असा. पाणी जरा जपून द्यावं लागतं, पण बार कुठं घासत नाही. तुमचा घास जुना झाला असंल तर मोडून नव्यानं करताना हे करा, मशीन त्याच्यानंतर आणा. मशीन आणून मग रान बदलायला गेलात तर पहिली दोन-तीन कापणी पात्यांच्या खर्चातच जातील.
आणि पाणी दिल्यावर वापसा आल्याशिवाय ट्रॅक्टर घालू नका, आपल्या काळ्या रानात चाकाची चाकोरी पडली की घासाचं बूड दबतं आणि तो पट्टा पुढं विरळच राहतो. कापण्याच्या आधी पाणी तोडायचं, वाळवण झाल्यावर द्यायचं.

कृष्णाकाठचा_गडी
ह्ये वरंब्याचं खरं हाय, आमच्या पावण्याचं रान सपाट हाय म्हणून चालतंय, मला सुचलंच न्हाय.

साताराकर_पाटील
कापायची उंची कुणीच सांगितली नाही. लसूणघास जमिनीपासनं ५ ते ७ सेंटीमीटरवर कापायचा, त्याचा फुटवा बुडाच्या गाठीतनं येतो. डिस्कवाल्यांना बार पुढं झुकवून एकदम खाली घ्यायची सवय असते, टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि अवजाराला जोडणारा वरचा दांडा) आवळत जातात, दिसायला शेव्हिंग केल्यासारखं दिसतं पण पुढच्या कापणीला पीक मागं राहतं. मारवेल अजून जरा वर ठेवला तरी चालतंय, माळावर दगड असल्यानं वरच ठेवा.
आणि पडदा! डिस्कच्या भोवती ताडपत्रीचा पडदा असतो, बरेच जण अडचण होते म्हणून काढून टाकतात. खडा सुटला की बंदुकीची गोळी. मोवर चालू असताना मागं किंवा बाजूला पेंढ्या उचलायला माणूस असता कामा नये, पोरं तर रानातच नकोत.

नुसता_वाचतो
सिकल बार का नाही कुणी सांगत? साधा कात्रीवाला. स्वस्त, फुटाला दोन एचपी पण लागत नाही.

जुना_मेकॅनिक_कराड
वाईट नाही अजिबात. कापणी स्वच्छ, ट्रॅक्टरला ताण नाही, पातं तुटलं तर रिबिट काढून दुसरं बसवा. पण पडलेल्या दाट घासात बारच्या दोन लोखंडी बोटांच्या मधी माल अडकतो आणि माणूस सारखा खाली उतरतो. उतरला की हात घालतो. बोटं गेलेली माणसं मी वर्कशॉपला बघितलीत, म्हणून मी स्वतः कुणाला सांगत नाही. ज्याचं गवत हलकं आणि उभं आहे त्यानं घ्यावं.

शिराळ्याची_सून
आमच्याकडं १.६५ चा डिस्क आहे, दोन वर्षं झाली. ह्यांच्यापेक्षा मीच जास्त चालवते. पात्यांचं सांगते. डावीकडं फिरणाऱ्या डिस्कची पाती वेगळी आणि उजवीकडची वेगळी, पीळ उलटा असतो. घेताना दोन्हीचा सेट मागा. बदलताना एका डिस्कची दोन्ही एकदम बदलायची, एक नवं एक जुनं घातलं तर वजन चुकतं आणि बार थरथरतो, त्या थरथरीनं बेअरिंग जातं. इथल्या एका लेथवाल्यानं जुन्या पाट्यापासनं पाती करून देतो म्हणून सांगितलं होतं, निम्म्या पैशात. मी हात जोडले. तुटलं तर कुठं जाईल सांगता येत नाही. पात्याचा बोल्ट पण बघत जा, त्याचं डोकं जमिनीला घासून झिजतं, अर्धं राहिलं की बदलायचा, पातं चांगलं दिसलं तरी.
डीलरला विचारा पाती, बोल्ट, बेल्ट, ऑइल सील दुकानात शेल्फवर आहे का. मागवून देतो म्हणाला तर समजायचं की ऐन उन्हात मशीन शेडमध्ये उभं राहणार.

माणदेशी_वैरण
ताईंचा मुद्दा सोन्यासारखा. पार्ट नाही तर मशीन नाही.

विट्याचा_बाळू
आभारी आहे सगळ्यांचा, ताई तुमचा पण. दोन तुकडे जुने झालेत ते ह्या पावसाळ्यानंतर मोडतो आणि साऱ्यात लावतो. मशीन १.६५ चंच बघतोय, डिस्क की ड्रम हे कराडच्या नोव्हेंबरातल्या प्रदर्शनात दोन्ही समोर ठेवून ठरवतो, बार कसला ते विचारूनच. कंडिशनरचं राहिलं तेवढं सांगा. आणि अनुदान मिळतं का?

साताराकर_पाटील
अनुदान महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल), यांत्रिकीकरणातनं. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जातीजमातीला ५० टक्के, बाकीच्यांना ४०, पण प्रत्येक अवजाराला वरची मर्यादा ठरलेली असते त्यामुळं किमतीच्या निम्मे मिळतील असा हिशोब करू नका. पूर्वसंमती यायच्या आधी बिल फाडलं की गेलं. आणि तुम्ही घेताय तेच मॉडेल टेस्ट रिपोर्टवालं आणि यादीत आहे का ते तालुका कृषी कार्यालयात जाऊन बघा, डीलरच्या तोंडावर नको. वहिनींच्या नावावर जमीन असंल तर अर्ज त्यांच्या नावानं करा.

जुना_मेकॅनिक_कराड
कंडिशनर म्हणजे कापल्यावर काड्या रोलरमधनं दाबून चिरतो. घासाची पानं लवकर वाळतात आणि काडी ओली राहते, काडी वाळेपर्यंत पानं कडकडून गळतात, आणि प्रोटीन जास्त करून पानातच. काडी चिरली की दोन्ही बरोबर वाळतं. काम चांगलं आहे पण त्याला ताकद फार लागते, ४५ एचपीला मागू नका. त्यापेक्षा सकाळी दंव उडाल्यावर कापा, पहिल्या दिवशी पसरट राहू द्या, आणि रेक भर उन्हात न फिरवता दुसऱ्या दिवशी सकाळी पानं जरा मऊ असताना फिरवा. गाठ बांधताना ओल १५ ते १८ टक्क्यांच्या वर नको, मूठभर काड्या पिळून बघायच्या, मोडायला पाहिजेत. पिळल्यावर ओलसर वाटलं तर थांबा, नाहीतर गाठ आतनं तापते आणि बुरशी धरते.
नवीन मशीनचं बारमधलं तेल पहिल्या पन्नासेक तासांनी बदला, नव्या गिअरचा किस निघतो. आणि तेल मोजताना बार एकदम आडवा सपाट ठेवा. जास्त भरलं तरी बार तापतो, कमी भरलं तरी तापतो.

विट्याचा_बाळू
काका बार किती तापला म्हणजे जास्त? हात लावून कळतं का?

शिराळ्याची_सून
पीटीओ बंद करून, डिस्क पूर्ण थांबल्यावर, चावी खिशात घालून मग हात लावा. हात ठेवता येतोय तोवर ठीक. एकाच डिस्कखाली चटका बसला आणि बाकी गार असंल तर तिथलं बेअरिंग बोलतंय.