उपग्रहानं सगळं सुटत नाही
उपग्रह आले की खेड्यांतल्या इंटरनेटचा प्रश्न मिटला असं एका भाऊंनी लिहिलं, मले नाही पटत. सिग्नल आकाशातून येईल हो, पण पैसे कोण भरन? आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) अन् युनेस्कोच्या ब्रॉडबँड कमिशननं टार्गेट ठेवलं होतं की २०२५ पर्यंत साधं इंटरनेट माणशी मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत यावं, पण ती देशाची सरासरी झाली, मेळघाटातल्या मजुराची कमाई त्या सरासरीत कुठं दिसते? मले तर युनिसेफ-आयटीयूचं २०१९ चं गिगा, म्हणजे शाळा इंटरनेटनं जोडायचा उपक्रम, जास्त पटते, आधी शाळा नकाशावर आणा, मग जोडा. आपल्याकडं भारतनेट ही सरकारची इंटरनेट फायबरची योजना मुख्यतः ग्रामपंचायतीपर्यंतची, तिथून पुढं शाळा, दवाखान्यापर्यंत वायर कोण नेणार अन् वीज गेल्यावर बॅकअप कोण देणार, इंटरनेटसाठी जो जागतिक निधी येईल त्यातून पहिले हेच व्हायले पाहिजे.