मदत हवी आहे: सत्तरीत घर बदलायचंय, पुण्यातल्या पुण्यात

नमस्कार मंडळी. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही दोघं. मी ६७, हे ७१. सदाशिव पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुनर्विकासाच्या बैठका वर्षानुवर्षं चालू आहेत, त्यावर वेगळा धागा निघेल, इथे नको. मुलगी बंगळुरूला असते आणि तिच्याकडे कायमचं जायचं नाही हे तिला नि आम्हाला सारखंच मान्य आहे. तब्येती उत्तम. ह्यांचा रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चुकत नाही, माझं पोहणं आणि गाण्याचा क्लास (शिकते, शिकवत नाही). तेव्हा "आता या वयात कशाला" एवढा सल्ला सोडून बाकी सगळे चालतील. आपलं सामान आपल्याला बांधता येतंय, नव्या शेजाऱ्यांशी ओळखी करून घ्यायची हौस आहे, तोवरच हलायचं ठरवलंय. ऐंशीला माणूस घर बदलत नाही, त्याला मुलं हलवतात.

पेठेतलं सुख म्हणजे सगळं चालत जाण्यावर. भाजी, बँक, दवाखाना, टिळक स्मारक आणि भरत नाट्य ही नाट्यगृहं. म्हणून नव्या जागेकडून माझी अपेक्षा एकच: उद्या ह्यांनी गाडी चालवणं सोडलं तर आमच्या संध्याकाळी बंद पडता कामा नयेत. क्लबहाउस, इन्फिनिटी पूल वगैरे ज्याला हवं त्याला लखलाभ.

पहिला पर्याय कोथरूड. आयडियल कॉलनी किंवा आनंदनगर मेट्रो स्टेशनजवळ रीसेलचा टू बीएचके. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, महात्मा टेकडी, सगळं हाताशी, आणि मेट्रोने डेक्कनला उतरलं की निम्मं जग ओळखीचं. पण बजेटमध्ये बसतात त्या इमारती तीस-पस्तीस वर्षांच्या. म्हणजे आज घर घ्यायचं आणि थोड्या वर्षांत पुनर्विकासापायी पुन्हा भाड्याच्या घरात जायचं. एकदा हलणं ठीक, तीनदा नाही.

दुसरा पाषाण-सूसकडचा नवा टॉवर. तलाव, पक्षी, गॅलरीतून डोंगर. हे फिदा. मी मात्र पर्समधून टेप काढली. महारेराने (राज्याचं गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दारं किमान ९०० मिमी रुंद हवीत असं आहे, म्हणजे व्हीलचेअर विनासायास जावी. साध्या प्रकल्पांना ती लागू नाहीत, पण मोजायला काय जातं? बाथरूमचं दार भरलं तीस इंच, वर चांगला चार बोटं उंबरठा. माहिती देणाऱ्या मुलाने अदबीने विचारलं, "मॅडम, वॉशिंग मशीन आत न्यायचंय का?" म्हटलं, नाही रे बाळा, मला स्वतःलाच.

मग गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत चालून बघितलं. फुटपाथ विजेच्या डीपीच्या पेटीशी येऊन संपला, पुढे गॅरेजवाल्याच्या दुचाक्या, त्यापुढे नुसती खडी. मागून काँक्रीटचा मिक्सर आला की भिंतीला चिकटून उभं राहायचं. पाण्याचं विचारलं तर "टँकरचा बॅकअप आहे". बॅकअप कशाचा, ते काही कळलं नाही.

तिसरा भूगावकडची ज्येष्ठांची सोसायटी. जेवणघर, बोलावल्यावर येणारा डॉक्टर, खोलीत घंटा. सोयींबद्दल तक्रारच नाही. पण सगळीकडे आपल्याच वयाचे चेहरे, जिन्यात एक क्रिकेटचा बॉल आपटत नाही, हे मला झेपेल का? आणि वयाची अट असली तर पुढे मुलीला ते घर वापरता येतं का, की विकावंच लागतं? अनुभव असणाऱ्यांनी स्पष्ट लिहा.

ह्यांच्या मनात गुपचूप चौथाही आहे: सिंहगड रस्त्यावर नदीलगतचा स्वस्त फ्लॅट, कारण "गड जवळ पडतो". यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच बोला.

वनाजवाला:
ताई, चौथ्यापासून सुरू करतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांत पाणी शिरलं, ते काकांना आठवत असेलच. नदीलगत काहीही बघताना आधी पूररेषेचा नकाशा मागा, त्यातली निळी रेषा (नदीलगतची पुराची हद्द) कुठून जाते ते बघा. ओढ्यांचंही तेच. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबील ओढ्याने सहकारनगर-अरण्येश्वर भागात दाखवलंच.

भूगावला कोणी "मेट्रो येतेय" म्हणालं तर: वनाज ते चांदणी चौक (म्हणजे भूगावच्या अलीकडेपर्यंतच) विस्ताराला केंद्राची मंजुरी जून २०२५ मध्ये मिळाली, एवढं खरं. पण पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ चं आणि वनाज-रामवाडी पूर्ण धावायला मार्च २०२४ उजाडला. स्वतःचं वय त्यात मिळवून बघा.

जमाखर्च:
पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून. जुनं घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावर करसूट हवी तर नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावं लागतं. दरम्यान विवरणपत्राची मुदत आली तर रक्कम कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायची, साध्या एफडीत नाही.

मुद्रांक शुल्क पुणे शहरात ७ टक्के. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर ६. हा एक टक्का बघून बरेच जण उड्या मारतात. पण जुनं घर काकांच्या नावावर आणि नवं एकट्या तुमच्या, असं झालं तर करसुटीवर आयकर खातं हरकत घेऊ शकतं. एक टक्का वाचवताना मोठी सूट घालवू नका, सीएला आधी विचारा. आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी आहे, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्यावर नाही. भोगवटा पत्र (राहायला जाण्याची परवानगी) बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

भूगावची लेक:
आईबाबा अशाच एका सोसायटीत राहतात. बाबा खूश, सकाळी बॅडमिंटन, दुपारी ब्रिज. आईचं म्हणणं, स्वयंपाक सुटला हे मोठंच सुख, पण रात्रीचं नाटक सुटलं. गावात जायला सोसायटीची गाडी आहे, तिच्या वेळा ठरलेल्या. प्रयोग संपायच्या वेळी ती नसते आणि रिक्षावाले परतीचं भाडं मिळत नाही म्हणून नाही म्हणतात. हस्तांतराचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, करारनाम्याचा मसुदा मागून वारसाचं कलम आधी वाचा.

माझा सल्ला: घेऊच नका. आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. पावसाळा नि उन्हाळा दोन्ही त्यात आले पाहिजेत. उन्हाळ्यात पाणी कळतं, पावसाळ्यात रस्ता.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. सिंहगड रस्ता बाद. ह्यांनी वनाजवाल्यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचला आणि टीव्ही लावला, म्हणजे मान्य आहे.

भाड्याची कल्पना आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. विकल्यानंतर दोन वर्षं हातात असतील तर त्यातले अकरा महिने सहज देता येतील. भूगावपेक्षा कोथरूडमध्येच आधी राहून बघावं असं मला वाटतं. हे म्हणतात, ओळखीच्या ठिकाणी राहून काय कळणार, पाषाणलाच राहू. यावर घरात रणधुमाळी चालू आहे.

तोवर एवढं सांगा: आयडियल कॉलनी ते पौड फाटा या पट्ट्यात भाड्याने दोन ज्येष्ठांना घर देताना मालक कां कूं करतात का? आणि लिफ्टला जनरेटर असलेली जुनी सोसायटी त्या भागात कोणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चौथ्या मजल्यापर्यंत आमची हरकत नाही, पण हार्मोनियम लिफ्टनेच जाणार.