असला बिडाचा गल्ला घरात ठेवावा का?

ठमाकाकू: आम्ही न्यू जर्सीत असतो, परवा अँटिकच्या दुकानात एक जुना गल्ला बघितला, बिडाचा, काळ्या माणसाचा छातीपर्यंतचा पुतळा, लालभडक ओठ, तळहातावर नाणं ठेवून मागचा खटका दाबला की हात तोंडाशी जातो, डोळे फिरतात आणि नाणं गिळतो. बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअरचं १८८२ चं पेटंट. नवरा म्हणतो घेऊया, शोकेसमध्ये मस्त दिसेल. मला ते तोंड बघूनच कसंतरी झालं. लेकीच्या मैत्रिणी घरी येतात, त्यात दोघी काळ्या आहेत. मी उगाच ताणतेय का?

भंगारवाला: ताणताय. तेव्हाची वस्तू आजच्या चष्म्यातून बघू नये. कारागिरी बघा की, वाळूच्या साच्यात ओतलेले भाग, आत स्प्रिंग नि तरफ, बॅटरी नाही काही नाही. आणि टर सगळ्यांचीच उडवायचे, तो 'टॅमनी' गल्ला बघा, खुर्चीतला ढेरपोट्या पुढारी नाणं घेऊन सरळ खिशात टाकतो आणि वर मान डोलावतो! न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय गटाच्या खाबूगिरीला टोमणा, १८७० च्या दशकातला. आपल्याकडे आज काढला तर हातोहात खपेल.

तिरकस: पुढाऱ्याची टर त्याने पैसे खाल्ले म्हणून, या माणसाने काय खाल्लं होतं? गुलामगिरी १८६५ ला संपली आणि १७ वर्षांत हे खेळणं पोरांच्या हातात. त्याच १८८२ मध्ये चिनी मजुरांना अमेरिकाबंदी करणारा कायदा झाला आणि पत्ते घेऊन लोळणाऱ्या चिनी माणसाचा गल्लाही त्याच वर्षीचा. पोरगं रोज नाणं टाकणार, रोज हसणार, नुसती बचतच शिकणार का ते?

भंगारवाला: मग काय सगळे वितळवायचे?

तिरकस: असं कोण म्हणतंय? मिशिगनला फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीत जिम क्रो म्युझियम आहे (जिम क्रो म्हणजे काळ्यांना वेगळं पाडणारे जुने कायदे), तिथे असल्या वस्तू मुद्दाम जपल्यात, पण त्यांचा इतिहास सांगत. तुमच्या शोकेसमध्ये लाफिंग बुद्धाशेजारी कोण सांगणार?

लोहारआळी: भांडण चालू द्या पण आधी स्क्रू बघा हो. नकला ढिगाने आहेत. प्लसवाला स्क्रू असेल तर बहुतेक मागाहूनचा माल. नकलेचा साचा बऱ्याचदा अस्सलावरूनच काढतात आणि बीड गार होताना आकसतं, त्यामुळे नक्कल मापाला किंचित लहान भरते. जोडातही फट दिसते.

ठमाकाकू: फोटो झूम केला. प्लसवालाच आहे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "मग स्वस्तात देईल की."