प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या दाराने निघून जाणाऱ्या बायकांना काय सांगावे?

मोहरीचा_दाणा
आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. उपदेशानंतरचे गीत सुरू झाले की आठ-दहा बायका पिशव्या उचलून मागच्या दाराने बाहेर पडतात. कारण एकच : "अयोग्यपणे खाल्लं तर दंड ओढवतो, आजारपण येतं." सुनेशी वाजले, उपास मोडला, मनात वाईट विचार आला, एवढे निमित्त पुरते. पुढच्या महिला सभेत यावर बोलायला ४५ मिनिटे आहेत. "देव प्रेमळ आहे" म्हटले की त्या लगेच बायबलमधले १ करिंथ ११:२९ (पौलाचे करिंथच्या मंडळीला पहिले पत्र) उघडून दाखवतात. सुरुवात कुठून करू?

ग्रीकचा_विद्यार्थी
२९ व्या वचनावरून नको, त्याच अध्यायाच्या १७ व्यापासून करा. विधीत बहुधा २३ पासूनचाच तुकडा वाचतात, त्यामुळे पौल नक्की कोणावर चिडलाय ते कळतच नाही. २१ मध्ये एक जण उपाशी आहे आणि दुसरा प्यायलेला. २२ मध्ये ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवल्याबद्दल झाडलेय. तेव्हा प्रभुभोजन पोटभर जेवणासोबत व्हायचे, तेही कुणाच्या तरी घरी. रोमन घरातल्या जेवणाच्या खोलीत साधारण नऊ जण मावायचे, बाकीचे बाहेर चौकात. गुलाम-मजूर काम उरकून येईपर्यंत आतल्यांचे आटोपलेले असावे.

आता "अयोग्य प्रकारे" हे शब्द बघा. पत्राच्या मूळ ग्रीकमधला 'अनाक्सिओस' इथे क्रियाविशेषण आहे. म्हणजे खाण्याची रीत अयोग्य, खाणारी बाई नव्हे. आणि पौलाने सुचवलेला उपाय ३३ मध्ये आहे : एकमेकांसाठी थांबा. घरी जा असे तो कुणालाच म्हणत नाही. २८ सुद्धा नीट वाचा, स्वतःची परीक्षा करावी आणि *मग खावे*. परीक्षा करून उठून जाणे म्हणजे वचन अर्ध्यात सोडणे. आजारपणाचा उल्लेख ३० मध्ये आहे, तो लपवू नका, पण लगेच ३२ वाचा. तिथे ही बापाची शिस्त आहे, जगाबरोबर दोषी ठरू नये म्हणून लावलेली.

जुना_पंच
हे सगळे ठीक, पण धाक उरला नाही तर उद्या भाऊबंदकीचे दावे चालवणारेही भाकरीसाठी हात पुढे करतील. 'परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ' हे कुठे गेले?

उपासना_वही
पंच, ते आजही हात पुढे करतातच. भीतीने बाहेर जातात त्या हळव्या मनाच्या. हीच तर या धाकाची गंमत, नको त्यालाच लागतो.

भयाचे म्हणाल तर स्तोत्र १३०:४ उघडा. तिथे क्रम उलटा आहे : देवाजवळ क्षमा आहे *म्हणून* त्याचे भय धरायचे. १ योहान ४:१८ मध्ये प्रीती घालवून देते ती शिक्षेची भीती. आईला वाईट वाटेल म्हणून खोटे न बोलणे वेगळे, ती मारेल म्हणून न बोलणे वेगळे.

ताई, ४५ मिनिटे अशी वापरा. १७ ते ३४ सलग, सावकाश वाचायला पाच मिनिटे. मग पंधरा मिनिटे एकच प्रश्न : या घरात उपाशी कोण राहिले? स्वतः उत्तर देऊ नका, बायकाच शोधतील. उरलेला वेळ तयारीला. शनिवारी रात्री दहा मिनिटे बसायचे, एकच खरी गोष्ट नाव घेऊन कबूल करायची आणि मत्तय ५:२३-२४ प्रमाणे एक पाऊल टाकायचे. उसने पैसे परत करणे, जावेला फोन. समोरची बोललीच नाही तर? रोम १२:१८ म्हणते, तुमच्याकडून होईल तितके. तिच्या रुसव्यासाठी तुम्ही प्रभूच्या मेजापासून लांब राहायचे नाही.

बिघडते ते यादी केल्याने. यादी संपत नाही, आणि संपली की काहीतरी विसरलो असे वाटते. पुढे जेझुइट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसात यातच अडकला होता, कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा उकरत. कुणी रोज तासन्‌तास तीच पापे घोकत असेल, झोप-जेवण सुटले असेल, तर पाळकांबरोबर मनोविकारतज्ज्ञही गाठा. नुसत्या वचनांचा मारा केलात तर ती तीच वचने घोकत बसेल.

वसई_मिस्सा
एक दुरुस्ती, कॅथलिक वाचकांसाठी. आमच्यात गंभीर पाप जाणवत असेल तर आधी कन्फेशन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली), मग कम्युनियन (प्रभुभोजन), हा नियम आहेच. पण सुनेवर आवाज चढला हे सहसा त्या मापात बसत नाही. गंभीर पापासाठी तीन गोष्टी लागतात : बाब मोठी, पूर्ण जाणीव, मनापासून संमती. नुसता मनात येऊन गेलेला विचार तिसऱ्यापाशीच गळतो.

मोहरीचा_दाणा
आभारी आहे. पण आमचे पाळक मेजाजवळ दरवेळी "जे योग्य नाहीत त्यांनी जपून" असे म्हणतात. त्याचे काय करू?

उपासना_वही
सभेच्या आधीच भेटा, चारचौघांत नको. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) उपासनेत १५४८ पासून चालत आलेली एक प्रार्थना आहे. तिचा आशय असा की आम्ही स्वतःच्या नीतिमत्त्वाच्या भरवशावर नव्हे, तुझ्या दयेच्या भरवशावर या मेजाशी येतो. तुझ्या मेजाखालचा चुरा वेचायचीही आमची लायकी नाही. अँग्लिकन मंडळीही जिच्यात सामील झाल्या त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असाल तर पाळकांना ती माहीत असणार. इशाऱ्याच्या जागी ती मोठ्याने म्हणायची विनंती करा, भाकर मोडण्याआधी. आणि त्या बायकांना त्या दिवशी मागच्या बाकावर बसू देऊ नका, दार तिथून फार जवळ पडते.