जुन्या एक्सपी मशीनसाठी प्रेसच्या वायफायची सुरक्षा काढावी का?

खणभाग प्रेस:
आमच्या सांगलीच्या प्रेसमध्ये विंडोज एक्सपीचं मशीन अजून रोजच्या कामात आहे. त्यावर पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि जुने मराठी फॉन्ट आहेत. ज्याच्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत ते लॉक जुन्या पद्धतीच्या पॅरलल पोर्टात बसतं, त्यामुळे मशीन बदलायचा प्रश्नच येत नाही. २०१९ च्या महापुरानंतर आम्ही ते माडीवर नेलं. राऊटर खाली काउंटरपाशीच राहिला. गिऱ्हाइकाचा मजकूर व्हॉट्सॲपवर खालच्या कॉम्प्युटरला येतो, तो वर न्यायचा आणि प्रूफची पीडीएफ खाली आणायची. नवा राऊटर बसवल्यापासून जुन्या वायफाय कार्डाला नेटवर्क दिसतं, पण जोडलं जात नाही. बसवणारा म्हणाला, सिक्युरिटी काढून टाका, लगेच चालेल.

मला हे अजिबात पटत नाही. एका मशीनपायी सगळं दुकान उघडं टाकायचं? माझं मत असं की माडीवर एक छोटा राऊटर क्लायंट मोडमध्ये, म्हणजे खालच्या वायफायला स्वतः जोडला जाईल असा, ठेवावा आणि त्यातून लॅन केबल मशीनला द्यावी. पासवर्ड, एन्क्रिप्शन सगळं तो राऊटर सांभाळेल, मशीनला फक्त केबल दिसेल.

मारुती चौक:
दादा, उगाच खर्च वाढवताय. लग्नपत्रिका आणि वर्गणीच्या पावत्या कोण चोरणार? वेगळं गेस्ट नेटवर्क सुरू करा, त्याला वेप ही वायफायची जुनी सुरक्षा लावा आणि कामाला लागा. सीझनमध्ये एक दिवस मशीन बंद राहिलं तर नुकसान तुमचं आहे, सल्ला देणाऱ्यांचं नाही.

मिरजकर:
बऱ्याच नव्या राऊटरमध्ये वेपचा पर्यायच राहिलेला नाही, आणि तो काढला हे योग्यच झालं. त्यातली दोषपूर्ण रचना २००१ मध्येच उघड झाली होती. २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी १०४ बिटची वेप किल्ली एका मिनिटाच्या आत काढून दाखवली. मग असं कुलूप लावून उपयोग काय?

आणि पत्रिका कोण चोरणार हा मुद्दाच नाही. २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या वायफायवरून गेला होता, आणि पोलिसांची चौकशी आधी तिथे राहणाऱ्याच्या वाट्याला आली. तुमच्या कनेक्शनवरून कुणी काही केलं तर पोलीस आधी तुमच्याच दारात येणार.

मात्र दुसरा राऊटर घेण्याआधी साधं काही तपासा. एक्सपीला सर्व्हिस पॅक ३ आहे का? वेपनंतरची मजबूत सुरक्षा, डब्ल्यूपीए२, त्यात येते. राऊटरवर डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र असेल तर जुने ड्रायव्हर अडखळतात; २.४ गिगाहर्ट्झवर नुसतं डब्ल्यूपीए२-एईएस (एईएस ही त्यातली एन्क्रिप्शनची पद्धत) ठेवून बघा. तरीही नाही झालं तर कार्डच डब्ल्यूपीए२ च्या आधीच्या काळातलं आहे. मग एक्सपीचा ड्रायव्हर मिळणारा यूएसबी ॲडॅप्टर शोधा, नाहीतर तुमचा छोटा राऊटर.

कुपवाड एमआयडीसी:
मी दोघांच्याही विरोधात आहे. ते मशीन नेटवर्कला जोडूच नका. वायफायचं एन्क्रिप्शन फक्त हवेतला प्रवास झाकतं, आतलं मशीन त्याने बळकट होत नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. मे २०१७ मध्ये फाइली कोंडून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून. त्याच नेटवर्कवर तुमचं जीएसटीचं आणि बँकेचं काम चालतं ना? पेनड्राइव्ह घ्या आणि जिने चढा.

खणभाग प्रेस:
साहेब, एक्सपीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण पेनड्राइव्हला सुरक्षित कसं म्हणता? कॉनफिकर व्हायरस नेटवर्कवरून जसा पसरला तसाच पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालणाऱ्या ऑटोरनमधूनही पसरला, आणि प्रेसमध्ये गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर येत-जात असतात. छोटा राऊटर ब्रिज न करता (म्हणजे दोन्ही नेटवर्क एक न करता) नॅटवर, मशीन स्वतःच्या मागे वेगळं ठेवेल असा, ठेवला तर खालून कुणी थेट त्या मशीनपर्यंत पोहोचत नाही. मशीन स्वतः बाहेर पडून फाइल आणतं. खालच्या कॉम्प्युटरवर एफटीपीचा (फाइल ने-आण करायच्या साध्या पद्धतीचा) एक फोल्डर ठेवीन. विंडोजचं जुनं फाइल शेअरिंग, एसएमबी१, मुळीच चालू करणार नाही. विंडोज १० ने २०१७ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये त्याचा सर्व्हर, म्हणजे फाइल देणारा भाग, घालणंच थांबवलं, त्याला कारण आहे.

मारुती चौक:
एवढं सगळं रोज कोण सांभाळणार? सेटिंग उडालं की पोरं परत पेनड्राइव्हच घालणार.

मिरजकर:
सेटिंग एकदाच करायचं असतं. त्याची बॅकअप फाइल ठेवली की उडालं तरी पुन्हा चढवता येतं.

कुपवाड एमआयडीसी:
नॅटने तुम्ही एकच बाजू अडवली. एक्सपीत काही शिरलं तर ते आतून खालच्या कॉम्प्युटरवर चाल करणारच. छोट्या राऊटरच्या फायरवॉलमध्ये त्या मशीनला फक्त खालच्या कॉम्प्युटरचा एफटीपी मोकळा ठेवा. बाकी सगळं, इंटरनेटसकट, बंद. तसाही एक्सपीच्या जुन्या ब्राउझरमध्ये आजच्या बहुतेक साइट उघडत नाहीत, त्यामुळे गमावण्यासारखं काही नाही. आणि बँकेचं काम त्या एफटीपीच्या कॉम्प्युटरवरून हलवा. हे दोन्ही करणार असाल तरच जोडा, नाहीतर माझा विरोध कायम आहे.