'रिस्पेक्टफुल मॅटर्निटी केअर'ला मराठीत काय म्हणावं?

आशाताईंसाठी एक पत्रक मराठीत करते आहे. इंग्रजी मसुद्यात 'रिस्पेक्टफुल मॅटर्निटी केअर' पानोपानी आहे. सरकारी कागदांत 'सन्मानपूर्ण मातृत्व सेवा' दिसतं. व्याकरणाने चूक नाही, पण वाचताना खटकतं. दुसरा शब्द आहे का?

—

खटकणारच. आपल्याकडे सन्मान म्हटलं की शाल-श्रीफळ आठवतं. सन्मान कोणीतरी करतं, म्हणजे तो करणाऱ्याच्या मर्जीवर असतो. इथे गोष्ट हक्काची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत या सेवेत काय काय येतं ते सांगितलं आहे: बाईची प्रतिष्ठा, आडोसा आणि गुप्तता राखणं, तिला इजा किंवा वाईट वागणूक होऊ न देणं, समजून-उमजून निवड करू देणं आणि कळा सुरू असताना सतत कुणाची तरी सोबत असणं. यातलं काहीच सत्कारात मोडत नाही.

केनियातलं बुंगोमाचं प्रकरण बघा. २०१३ साली तिथल्या सरकारी दवाखान्यात एक बाई बाळंतपणाला आली. कळा वाढल्या तशी ती स्वतःच चालत प्रसूतीच्या खोलीकडे गेली. तिथे खाटा भरलेल्या. ती जमिनीवर बाळंत झाली, बेशुद्ध पडली आणि जाग आली ती परिचारिकांच्या शिव्यांनी आणि चापट्यांनी. ती कोर्टात गेली. मार्च २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्या प्रतिष्ठेचा आणि आरोग्याचा घटनात्मक हक्क डावलला गेल्याचा निकाल दिला, २५ लाख शिलिंग भरपाई मंजूर केली आणि माफी मागायला सांगितली. एवढ्या मोठ्या अन्यायाला 'सन्मानपूर्ण सेवेचा अभाव' म्हणणं मला तरी जमणार नाही.

मला 'आब' हा शब्द जवळचा वाटतो. 'बाईचा आब राखून केलेलं बाळंतपण'. शीर्षकात मात्र हक्क दिसायलाच हवा: 'मानाने बाळंत होण्याचा हक्क'. यात बाळंत होणारी बाई कर्ता आहे. 'सेवा' म्हटलं की देणारा पुढे येतो.

—

'आब' शहरी मुलींना कळेल का, शंका आहे. 'मानाने' उत्तम.

उलट बाजूच्या शब्दाचंही बघायला हवं. व्हेनेझुएलाने २००७ च्या कायद्यात सरळ 'प्रसूतीतील हिंसा' असा गुन्हा मांडला, अर्जेंटिनाच्या २००९ च्या कायद्यातही ती आहे. आपण 'गैरवर्तन' लिहून मोकळे होतो. गैरवर्तन म्हटलं की लोकांना फार तर चढा आवाज आठवतो. कळा देणाऱ्या बाईला "तेव्हा नाही लाज वाटली, आता कशाला ओरडतेस?" असं म्हणणं, पडदा न लावता तपासणं, गरज नसताना सरसकट चीर देणं, पोटावर जोर देऊन बाळ ढकलणं, हे सगळं त्यात बसलं पाहिजे. पत्रकात ही वाक्यं जशीच्या तशी द्या. ज्या बाईने ती ऐकली आहेत तिला व्याख्या लागत नाही.

—

धन्यवाद. 'मानाने बाळंत होण्याचा हक्क' घेते आणि ती वाक्यंही घालते. अजून दोन जागा अडल्या आहेत. 'बर्थ कंपॅनियन'ला मसुद्यात 'जन्म सहचर' आहे, ते ऐकून आमच्या ताई हसल्या. आणि 'इन्फॉर्म्ड कन्सेंट'?

—

पहिल्यासाठी 'सोबतीण' किंवा नुसतं 'सोबत': "बाळंतिणीजवळ सोबत राहू द्या." केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांतही सरकारी दवाखान्यात स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई जवळ असावी असंच आहे, तेव्हा स्त्रीलिंगी शब्द अडचणीचा नाही. खासगीत नवराही थांबतो, तिथे 'सोबत' बरा.

दुसऱ्यासाठी 'माहितीपूर्ण संमती' नको. दवाखान्यात संमती म्हणजे कागदावरची सही, तीही बहुधा नातेवाइकाची, एवढाच अर्थ उरला आहे. मी लिहीन: "काय करणार, का करणार हे आधी तिला सांगा, तिला विचारा, ती हो म्हणाली की मगच हात लावा." लांब आहे, पण हे वाक्य लेबर रूमच्या भिंतीवर लावता येईल.